कोपरावरचं ठिगळ

आमच्या कन्हानमध्ये प्रेमिलाताईची लांब रोटी न खाल्लेला माणूस सापडला, तर तो कालच इथे राहायला आला असं समजावं. लांब रोटी म्हणजे मटक्यावरची रोटी. लोकवन गव्हाचं पीठ इतकं सैल मळायचं की उचललं की बोटांतून ओघळायला लागलं पाहिजे. मग त्याचा गोळा या हातावरून त्या हातावर खेळवत तळव्यापासून कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि पातळ झाला की चुलीवरच्या पालथ्या मटक्यावर एका झटक्यात टाकायचा. मटक्यावर पडलेल्या रोटीला मग हात लावायचा नसतो, लावला की ती फाटते. फाटलीच तर परातीच्या कडेला राखून ठेवलेलं थोडं पीठ बोटाने दाबून ठिगळ लावायचं. आणि रोटीला फुगे आले की समजायचं, खालून शेकली, आता काढा.

मळायचं काम माझं आणि टाकायचं तिचं. मी मेघा, तिची धाकटी जाऊ. लग्न होऊन आले तेव्हापासून ही वाटणी ठरलेली आहे, कारण तिच्या हातावर रोटी पदरासारखी लांब होते आणि माझ्या हातावर तिला भोकं पडतात. लोक म्हणतात सरावाने जमेल. इतक्या वर्षांत जमलं नाही, तेव्हा आता लोकांनी बोलणं थांबवलं तरी चालेल.

सावनेरला एका लग्नाची ऑर्डर होती. मांडवामागे मोकळ्या वावरात चूल मांडलेली, वारा सुटलेला, आणि ताईच्या अंगावर नायलॉनची साडी. पदर चुलीकडे उडाला आणि उजव्या हाताला चिकटूनच जळला. मी शेजारच्या टाकीतल्या पाण्याच्या बादल्या तिच्यावर ओतल्या. तिने आरडाओरडा केला नाही. ती एवढंच म्हणाली की मटक्यावरची रोटी काढ, जळून राहिली. तिचा स्वभाव सांगायला माझ्याकडे याहून चांगली गोष्ट नाही.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा दंडापासून मनगटापर्यंत पट्टी होती. हात सरळ केला की जीव जायचा, वाकवून छातीशी धरला की बरं वाटायचं. आमची सासू मनकर्णा हळव्या मनाची. सुनेचं कण्हणं तिला ऐकवेना. तिने आपलं जुनं मऊ लुगडं फाडून झोळी शिवली आणि ताईचा हात त्या झोळीत गळ्यात अडकवून ठेवला. रात्रीही काढू द्यायची नाही. अख्खी गल्ली म्हणायची की सासू असावी तर अशी. जखम भरली, पट्टी सुटली, झोळीही निघाली, पण हात मात्र झोळीत होता तसाच वाकलेला राहिला. कोपराच्या आतल्या बाजूला दोरखंडासारखा जाड, चकचकीत पट्टा तयार झाला आणि त्याने हात असा ओढून धरला की ताईला डोक्यावर पदर घेता यायचा, पण समोरचं ताट सरळ हाताने सरकवता यायचं नाही.

तिने तशाही हाताने रोटी टाकून पाहिली. एका बाजूने लांब आणि दुसऱ्या बाजूने गोळा. मग टाकणं माझ्याकडे आलं. ती माझ्या शेजारी पाटावर बसायची आणि हुकूम सोडायची. मटकं थंड झालं, पीठ घट्ट झालं, मनगट ढिलं सोड, अशी दिवसभर टकळी चालू. गिऱ्हाइकं माझ्या रोटीकडे बघायची, मग तिच्या हाताकडे बघायची आणि पार्सल घेऊन जायची. मला तिची दया येत नव्हती, खोटं कशाला बोलू. मला तिचा हात परत हवा होता. तिच्या तोंडासकट ती मला चुलीच्या पलीकडे हवी होती.

घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य खात्याच्या आशाताईने सांगितलं की असा आकसलेला हात नागपूरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून सोडवतात. ताईचे मालक, म्हणजे माझे भासरे, रोशनदादा घाबरले. ताई घाबरली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली आणि सासूला, मला घेऊन बसमध्ये बसली.

डॉक्टर वेदिका मॅडम हळू आवाजात बोलणाऱ्या, पण प्रश्न विचारायला लागल्या की सुटका नाही. हात कुठल्या दिशेला किती जातो ते त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि भाजल्यावर हात कसा ठेवला होता ते विचारलं. सासूने मोठ्या अभिमानाने झोळीची गोष्ट सांगितली.  मॅडमनी सासूच्या हातावर हात ठेवला.

"आजी, तिला दुखू नये म्हणून तुम्ही केलंत. पण भाजलेला हात जिथे ठेवला की बरं वाटतं ना, तिथेच तो आकसतो. आता पुढे मात्र मला तुमची मदत लागणार आहे."

 परतीच्या बसमध्ये कामठी येईपर्यंत सासू खिडकीबाहेरच बघत होती. आमच्याकडे पाहायची तिची हिंमत होत नव्हती हे मला कळत होतं.

ऑपरेशनआधी मॅडमनी ताईला विचारलं होतं की हाताने काय करायचं आहे. बाकीचे पेशंट सांगत असतील की जेवायचं आहे, केस विंचरायचे आहेत. ताई म्हणाली, "मले रोटी टाकाची हाये." मग लांब रोटी म्हणजे काय ते तिने आपल्या डाव्या हाताने हवेत करून दाखवलं. मॅडम नागपूरच्याच, रोटी त्यांनी खाल्लेली होती, पण टाकताना पाहिलेली नव्हती. त्या म्हणाल्या की मग हात पूर्ण सरळ व्हायला हवा, थोडा वाकलेला चालणार नाही.

त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. तो जाड पट्टा कापला की हात उघडेल, पण कोपरात तळहाताहून मोठी उघडी जागा पडेल. तिच्यावर मांडीची पातळ कातडी काढून बसवायची. त्या कातडीला सुरुवातीला स्वतःचं रक्त नसतं. खालच्या मांसातून झिरपेल त्यावर ती जगते, आणि काही दिवसांनी खालून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. तोवर तिने तसूभरही सरकायचं नाही आणि तिच्याखाली काही साचायचं नाही. म्हणून कडेने टाके घालून त्यांचे दोरे लांब सोडायचे, कातडीवर मलमाची जाळी आणि कापसाचा गोळा ठेवायचा, आणि समोरासमोरचे दोरे त्या गोळ्यावर आवळून बांधायचे. वर प्लास्टर, हात सरळ. पाच दिवस उघडायचं नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समजलं. रोटी मटक्यावर पडली का तिले हात लावाचा नाही." मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या, अगदी तसंच.

ऑपरेशन झालं. हात पाटीसारखा सरळ, त्यावर कापसाचं ते लहानसं गाठोडं बांधलेलं. ताई पाच दिवस अशी पडून राहिली की वॉर्डातली कौशल्या सिस्टर म्हणाली, असा पेशंट मी पाहिला नाही. कन्हानहून माणसं भेटायला यायची आणि ताई त्यांना कॉटला टेकू द्यायची नाही. तिची तक्रार एकच होती, की कापला हात आणि दुखून राहिली मांडी. सिस्टरने सांगितलं की सगळ्यांचंच तसं होतं, जिथून कातडी काढतात तिथेच जास्त दुखतं. ताईला ते पटलं नाही. देणाऱ्यालेच काहून दुखते, असं ती दोन दिवस म्हणत होती.

पाचव्या दिवशी मॅडमनी गाठी कापल्या, कापूस ओला करून हळूच उचलला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर खाली गुलाबी, जाळीदार, चिकटून बसलेली कातडी. मॅडमनी बोटाने दाबलं, ती पांढरी झाली, आणि बोट उचलताच परत गुलाबी झाली. धरली, असं त्या म्हणाल्या. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिनेच ऑपरेशन केलं होतं.

थोड्या दिवसांनी घरी सोडलं. हात सरळ ठेवणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, सतत घालायची. ड्रेसिंगला ठरल्या दिवशी यायचं. दुखलं, वास आला, पू दिसला किंवा ताप आला तर ताबडतोब यायचं. आम्ही तिघींनी हे पाठ केलं होतं.

घरी आल्यावर एकदा पट्टी घसरली. नीट करायला म्हणून सोडली, तर कोपराच्या अगदी खोबणीत कातडीला बोराएवढा फुगा आलेला. दुखत नव्हता, वास नाही, ताप नाही. आता रोटी टाकणाऱ्या घरात फुगा दिसला तर काय वाटणार? ताईचा चेहरा उजळला. ती म्हणाली, फुगली म्हणजे खालून धरली. मलाही तसंच वाटलं. सासूलाही वाटलं. शेजारची इंदूबाई लसूण सोलत होती, तिलाही बोलावून दाखवलं, तिलाही तसंच वाटलं. गल्लीत बातमी गेली की प्रेमिलाची कातडी फुगली. कुणीतरी पेढे आणले. आम्ही पट्टी परत बांधली आणि ठरलेल्या दिवसाची वाट बघत बसलो, आणि तो दिवस यायला अजून दोन दिवस होते.

त्या दिवशी दवाखान्यात कौशल्या सिस्टरने पट्टी सोडली. तिने लगेच मॅडमना बोलावलं. मॅडम वाकून बघत असताना ताई हसत म्हणाली, "फुगली ना, मॅडम?"

 मॅडमनी बारीक छेद दिला. आतून काळपट पाणी निघालं. वरची कातडी राखाडी पडली होती. चिमट्याने धरताच ती सुटून हातात आली. खाली लालभडक उघडी जागा, आणि ती नेमकी जिथे हात वाकतो तिथे. बाकी सगळी कातडी छान बसली होती. पण मॅडमनी सांगितलं की ही जागा अशीच भरू दिली तर भरताना ती आकसेल आणि हात पुन्हा ओढला जाईल. जागा लहान आहे, पण खोबणीत आहे. मग त्यांनी विचारलं की फोड दिसला तेव्हाच का आला नाहीत.

ताई गप्प झाली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच गप्प झाली. तेव्हा मीच सांगितलं की रोटी फुगली की शेकली असं आम्ही समजतो, म्हणून आनंद झाला, पेढेही वाटले. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला दुखणं सांगितलं, वास सांगितला, ताप सांगितला. न दुखणारा फोड आला तर या, हे मी सांगितलंच नाही. आता पुढच्या पेशंटला सांगेन."

ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. जळताना आलं नव्हतं, ते आता आलं. ती म्हणाली, "मंग पुन्हा मांडी कापाची का?"

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. ऑपरेशनच्या वेळी त्यांनी कातडी जरा जास्तच घेतली होती. उरलेली ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, बाटलीत घालून, ताईचं नाव लिहून वॉर्डाच्या फ्रिजमध्ये ठेवली होती. काही दिवस ती तिथे टिकते. जागा साफ दिसते आहे, तेव्हा तेवढाच तुकडा तिथे बसवता येईल.

ताईने पदराने डोळे पुसले. तिचा आवाज परत आला. "आम्हीबी थोडं पीठ राखून ठेवतो, मॅडम. रोटी फाटली त ठिगळ लावाले."

मॅडम म्हणाल्या, मग तुम्हाला समजावायची गरजच नाही. आणि सिस्टरला त्यांनी फ्रिजकडे पाठवलं.

जागा बधिर करून तुकडा बसवला. कडेला मोजके टाके, त्यांचे दोरे लांब, मधे कापसाचा लिंबाएवढा गोळा, आणि समोरासमोरचे दोरे त्यावर आवळून गाठी. या वेळी ताईने तोंड फिरवलं नाही, मान उंचावून सगळं पाहिलं. दुसऱ्या गाठीला दोरा जरा सैल वाटला तर मॅडमनी स्वतःच तो सोडून परत बांधला, आणि ताईने समाधानाने डोकं उशीवर टाकलं. वॉर्डात परत नेताना तिने विचारलं की या टायमाला फुगली नाही पाहिजे, इतकंच ना? मॅडम म्हणाल्या, अजिबात नाही. सपाट राहिली पाहिजे. रोटी कच्ची राहिली असं वाटलं तरी चालेल.

घरी पाठवायला त्या तयार नव्हत्या आणि ताईही जायला तयार नव्हती. त्या दिवसांत सासूने वॉर्डात येऊन बसायचं ठरवलं. ती रोज सकाळी कन्हानहून बसने यायची, कॉटच्या उजव्या बाजूला बसायची, आणि ताईचा हात झोपेत जरा हलला की पंजा धरून ठेवायची. तिच्या तोंडून झोळीचं नाव निघालं नाही. ताईनेही ते कधी काढलं नाही. फक्त एकदा सासू भाकरीचा घास भरवत असताना ताई म्हणाली, "मायबाई, तुमची झोळी मऊ होती. मले बरं वाटलं होतं तेव्हा." सासू उठून नळावर तोंड धुवायला गेली आणि खूप वेळाने परत आली.

गोळा उघडला तेव्हा तुकडा सपाट बसलेला होता. मॅडमनी बोटाने दाबला, पांढरा, मग गुलाबी. या वेळी मी डोळे मिटले नव्हते. धरली हे मॅडमच्या आधी ताईनेच म्हटलं, आणि कुणी तिला अडवलं नाही.

पुढचे महिने कंटाळवाणे होते, पण त्यांच्याशिवाय हात सरळ राहिला नसता हेही खरं. बसवलेली कातडी आकसायला टपलेलीच असते. म्हणून रात्री स्प्लिंट, दिवसा घट्ट बाही, खोबरेल तेलाने मालीश आणि व्यायाम. स्प्लिंट बांधायचं काम सासूने आपल्याकडे घेतलं. त्यात तिने कुणाचं काही ऐकलं नाही. ताईने दुखतं म्हटलं की सासूचे डोळे भरून यायचे, पण पट्टा एक घरही सैल व्हायचा नाही. ताई मला म्हणायची की सून नाही, मी कोराडीच्या गिऱ्हाइकाले पाठवाचं, आवळून बांधलेलं रोट्यायचं पार्सल हावो. मी दिवसभर रोट्या टाकून थकलेली असायचे, मला हसायलाही त्राण नसायचं, तरी हसायचे.

शेवटी मॅडमनी परवानगी दिली. पण ताकीदही दिली, की त्या जागेला अजून नीट स्पर्श कळणार नाही. चटका बसला तर समजणार नाही, तेव्हा डोळ्यांनी बघून काम करायचं, सुती साडी नेसायची, जाळापासून लांब राहायचं. रोशनदादांनी चुलीच्या तोंडापुढे पत्र्याचा आडोसा ठोकला. मी पीठ मळलं. त्या दिवशी इतकं नीट मळलं की माझीच मला शंका आली.

ताई मटक्यासमोर उभी राहिली. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या, इंदूबाई सगळ्यांत पुढे. ताईने बाही काढली, हात ओले केले, गोळा उचलला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. गोळा लांबत गेला, मनगट ओलांडून कोपराकडे सरकला, आणि ती मधेच थबकली. काय झालं ते मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. रोटी पातळ झाली की नाही हे ती आयुष्यभर हाताच्या कातडीनेच ओळखत आली होती, बघून नाही. आणि कोपरावरच्या त्या ठिगळावर रोटी आली आणि तिला काहीच कळलं नाही.

तरी तिने रोटी टाकली. हात पूर्ण उघडला, अगदी सरळ, आणि रोटी मटक्यावर पसरली. लांब, देखणी. फक्त एका जागी भोक पडलं होतं, नेमकं कोपराच्या जागी. मी परातीच्या कडेचं राखलेलं पीठ घेतलं आणि ठिगळ दाबलं.  सासू पदराचा बोळा तोंडात धरून उभी.

ताईने रोटीकडे पाहिलं. मग हात वर करून कोपराकडे पाहिलं, नव्याने कामाला आलेल्या पोराकडे बघावं तसं.

"मांडीची कातडी हाये," ती म्हणाली. "तिले काय मालूम रोटी काय असते. शिकन हळूहळू. दे वं, मेघा, दुसरा गोळा दे."

मी गोळा तिच्या हातावर ठेवला.